दोन भाकरींचा पल्ला

कलकत्ता, ७ जानेवारी

सुचिता,

तू म्हणाली होती, फोनवर तुम्ही हो हो करता अन् फोन ठेवला की सगळी हवा. जे सांगायचं ते लिहून पाठवा, लिहिलेलं माणसाले फिरवता येत नाही. म्हणून वही आणली. सातवीनंतर पेन धरला तो फक्त सही कराले, तेव्हा अक्षर पाहून हसू नको. हसली तरी चालते, पण तुझ्या आईसमोर नको. मामी हातातून कागद घेईल अन् अख्ख्या देऊळघाटाले वाचून दाखवील.

काम काय करता म्हणून तू दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी 'विमानतळावर आहे' एवढंच म्हटलं. तर आता लिहून देतो. मी पाखरं हाकलतो.

वरवटाले आमच्या ज्वारीत माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होतो, तेच काम. तिथं पाखरं दाणा खात म्हणून हाकलत होतो, इथं ते विमानाच्या तोंडात जाऊ नाही म्हणून हाकलतो. एखादी घार इंजिनात गेली तर विमानाचं काही खरं नसते. धावपट्टीच्या कडेनं गवत आहे, गवतात किडे आहेत, किड्याच्या मागं बगळे, साळुंक्या, टिटव्या. आम्ही चौघं जण लांब लांब उभे. फटाके देतात, शिट्टी देतात. मी पहिल्या आठवड्यात साहेबाले विचारलं, गावाहून गोफण आणू का? बंगाली माणूस, त्याले गोफण समजली नाही. मी रिकामा हात डोक्यावर फिरवून दाखवला तर तो दोन पावलं मागं सरला. आता मी शिट्टी खिशात ठेवतो आणि आपली हाळीच देतो, हुर्र्याऽऽ म्हणून. बगळे बंगाली आहेत, पण उठतात.

नांदुऱ्याचा धम्मरत्न, ज्यानं मले इथं लावून दिलं, त्याच्या मोबाइलमधी एक नकाशा आहे. आभाळात जेवढे विमानं उडून राह्यले, ते सगळे त्यात पिवळ्या मुंग्यासारखे सरकताना दिसतात. परवा चहा पिता पिता तो म्हणे, "हे पाय बे गोकुळ, हे मुंबईहून निघालेलं. तुह्या सासुरवाडीवरून चाललं."

मी पाह्यलं. मुंगी मावळतीकडून बुलढाण्यावर आली, जराशी थांबल्यासारखी वाटली आणि पुढं सरकली. मग मी माझ्या जागेवर जाऊन उभा राह्यलो. पावणेदोन घंट्यानं तेच विमान धुक्यातून खाली आलं, बगळ्यावानी पाय लोंबवत, आणि माझ्या डोक्यावरून गेलं. त्याच्या पोटाखालचा ओला डाग मले दिसला. मी हाळी द्यायची विसरलो.

दुपारी तीनच्या सुमारास तू कांद्याच्या वावरात असशील तर मान वर करून पाह्य. एक पांढरी रेघ ओढली जाते, मावळतीकडून उगवतीकडे. ते माझं विमान. माझं म्हणजे, मी ज्याची वाट पाहतो ते.

तिकडे तेव्हा ऊन असते. इथं सूर्य तुमच्यापेक्षा लवकर बुडते, म्हणून ते येईपर्यंत धावपट्टीचे दिवे लागलेले असतात. तुझी दुपार घेऊन निघालेलं विमान माझ्या संध्याकाळी उतरते. मधी काय होते ते कोणालेच दिसत नाही.

गोकुळ


कलकत्ता, २ फेब्रुवारी

सुचिता,

तुझं पत्र आलं. धम्मरत्नानं ते खोलीवर आणून दिलं आणि म्हणे, "एवढं जाड पाकीट अन् आत चार ओळी, तुही बायको हुशार हाय." चार ओळी असल्या तरी मी त्या जेवताना वाचल्या, आंघोळीच्या अगोदर वाचल्या, आणि गवतात उभा राहूनही वाचल्या, तेवढ्यात दोन बगळे धावपट्टीवर येऊन बसले.

तुले रेघ दिसली म्हणते. दुसऱ्या दिवशीही दिसली. बियाण्याच्या कांद्याचे गोंडे फुटून राह्यले, मधमाशा आल्या, आणि तू मान वर केली तर मामी म्हणाली, "आभायात काय पाह्यतं, गवत खाली हाय." मले मामीचा आवाज कानात आला.

शेवटच्या ओळीत तू विचारलं, उलटं येणारं विमान कोणतं तेही सांगा.

त्याचा एक वेळ नाही. पण एक गंमत सांगतो. मुंबई ते कलकत्ता आभाळातून साडेसोळाशे किलोमीटरच्या वर आहे. इकडे येताना वारा पाठीमागून ढकलते, म्हणून अडीच घंटे लागतात, कधी त्याहून कमी. परत जाताना तोच वारा समोरून येते. रस्ता तेवढाच, विमान तेच, पण घराकडे जाताना जास्त वेळ लागते. मले वाटलं माझंच तसं आहे. पण विमानालेही तसंच असते.

आता मुद्द्याचं लिहितो. आपली सोयरीक जुळली तेव्हा मामीनं माझ्या बापाले किलोमीटर विचारले नव्हते. विचारलं होतं, "किती भाकरीचं गाव हाय तुमचं?" माझ्या बापानं बोटावर मोजलं. सकाळी खाऊन निघालं तर एक भाकर रस्त्यात, दुसरी लेकीच्या घरी पोचल्यावर. मामी म्हणाली, "जमलं. दोन भाकरीच्या पल्याड आम्ही लेक देत नाही. तिसरी भाकर शियी होते, अन् शियं खाऊन लेकीच्या दारात जाऊ नाही." तेव्हा सगळे हसले होते. तू आतून चहा घेऊन आली होती, तूही हसली होती.

रेल्वेनं कलकत्ता चार-पाच भाकरीचं आहे, ते मले माहीत आहे. त्याच्यासाठीच तू आली नाही, असं मी स्वतःले सांगतो. पण विमानाचं गणित मामीले नीट समजावून सांग. अडीच घंट्यात माणसाले भूकही लागत नाही. म्हणजे वरवट दोन भाकरीचं असलं तरी कलकत्ता एकाही भाकरीचं नाही. मामीच्याच हिशोबानं कलकत्ता वरवटापेक्षा जवळ पडते.

तर तू ये. खोली लहान आहे, पण एकाच माणसाच्या मानानं मोठी वाटते. मागं तळं आहे, त्यात हिरवी पानं इतकी दाटलेली आहेत की पाण्यावर वावर पेरल्यासारखं दिसते. विमान गेलं की पत्रा थरथरतो आणि भांडे एकमेकाले हळू लागतात. पहिले काही दिवस झोप लागणार नाही. मग त्याच्याशिवाय लागणार नाही.

मामा फोनवर बैठकीचं बोलले. आखाजीच्या अगोदर चार माणसं बसवू, पोरीचं वय चाललं, काय ते ठरवून टाकू, असं म्हणे. मी त्यावर काही लिहीत नाही. तुलेही माहीत आहे, आपल्याकडे बैठकीत लोकं एकदा बसले की नुसता चहा पिऊन उठत नाहीत, सोडचिठ्ठी लिहूनच उठतात. आखाजीचा सण एप्रिलच्या शेवटी आहे. वेळ आहे.

रोज पाहत जा. मीही पाहतो.

गोकुळ


कलकत्ता, २६ फेब्रुवारी

सुचिता,

या वेळी तू दोनच ओळी लिहिल्या. एक तुझी, एक मामीची.

तुझी अशी: विमान अडीच घंट्यात येते, तर तुम्ही दीड वर्षात काऊन नाही आले.

मामीची अशी: विमानाले बी चाकं असतात, पण ते उतरायले असतात. आमच्या जवायाचे निस्ते पळायले.

धम्मरत्नाले मामीची ओळ वाचून दाखवली तर त्याच्या नाकातून चहा आला. तुझी ओळ दाखवली नाही.

तुले काय लिहू म्हणून किती तरी दिवस पेन धरला आणि ठेवला. सुरत पाह्यलं, हैदराबाद पाह्यलं, मग इथं आलो. प्रत्येक ठिकाणी वाटलं, इथं जरा बसलो की सुचिताले बोलावू. आणि बसायची वेळ आली की तळपायात मुंग्या येत. वरवटालेही तसंच होतं. तू भांडे लावत होती, चुलीजवळ फळी ठोकायले सांगत होती, आणि मी फळी ठोकता ठोकता एस.टी.चा हॉर्न ऐकत होतो. तुले ते तेव्हाच दिसलं असेल. तुले सगळं अगोदर दिसते, तू बोलते मागून.

पाखरं हाकलणाऱ्यानं ही तक्रार करू नये. मी दिवसभर दुसऱ्याले बसू देत नाही.

परवा एक स्वप्न पडलं. स्वप्नात तुमच्या वावरात विमान उतरलं. कांद्याचे गोंडे सगळे फुललेले, पांढरे, गुडघ्याच्या वर, आणि विमान त्यांच्यावरून असं आलं जसं कोणी चादर अंथरावी. एक गोंडा मोडला नाही. एक मधमाशी उठली नाही. इंजिनाचा आवाज म्हणून जो येत होता तो मधमाशांचाच होता. मी दारात उभा, खाली शिडी नाही. तू डोक्यावरचा रुमाल सोडला, हात पुसले, आणि विचारलं, जेवले का? मी उत्तर द्यायले तोंड उघडलं तर तोंडात वाराच भरला. तू थांबली, जराशी वाट पाह्यली, आणि पुन्हा निंदायले बसली. विमान तसंच उभं. मग सगळ्या गोंड्यांचं बी झालं, काळं काळं, आणि ते सळसळ करत विमानाच्या पंखावर पडू लागलं. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. जाग आली तेव्हा खरंच विमान पत्र्यावरून चाललं होतं.

तुमच्याकडे कांदा कोठवर आला? गोंडे कापले का? मी तिथं असतो तर एक काम मात्र केलं नसतं. तुमच्या वावरात काहीच हाकलायचं नाही. जे उडत येते ते येऊ द्यायचं, तेव्हा कुठं बी भरते. हे तू मले लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सांगतलं होतं. मी मधमाशीवर रुमाल फटकारला होता, म्हणून.

तुझ्या ओळीचं उत्तर लिहिलं नाही, हे मले दिसते.

गोकुळ


कलकत्ता, २९ मार्च

सुचिता,

उत्तर लिहितो. विमानाचं तिकीट काढलं. २४ एप्रिल, सकाळचं.

लिहिलेलं फिरवता येत नाही, तूच म्हणाली.

धम्मरत्न मले येडा म्हणून राह्यला. तो म्हणे, "नागपूरचं काढ बे, अर्ध्या वेळात पोचते. नागपूरहून रेल्वेत बसलं की मलकापूर. तू मुंबईले कायले चालला, घर मागं सोडून?" मी त्याले नकाशा दाखवला. नागपूरचं विमान नागपुरातच उतरून जाते. मुंबईचं तुझ्या वावरावरून जाते.

"अन् वावरावरून जाऊन तुले काय भेटते?" तो म्हणे.

मी म्हटलं, "पाह्यतो तं खरं."

"आभायातून बायको पाहाले चालला. खाली उतरून पाह्य, खालून चांगली दिसते." असं म्हणून त्यानं माझे पंधरा दिवसांचे पाखरं स्वतःकडे घेतले. मनानं चांगला आहे, फक्त बोलते फार.

मामीसाठी शिदोरी घेऊन येतो. इथं एका मारवाड्याच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळते. तीन भाकरी करून घेईन. विमानात भूक लागत नाही, तेव्हा दोन तरी जशाच्या तशा राहतील. त्या मामीच्या पुढं ठेवीन. म्हणीन, पाह्य मामी, कलकत्त्याची भाकर अजून मऊ आहे. मग बैठकीत तिले काय बोलायचं ते तिनं बोलावं.

एक काम सांगतो, करायचं तर कर. त्या दिवशी मामीचं लाल लुगडं विहिरीच्या कठड्यावर टाक. तुमच्या वावरात आता गोंडे कापले असतील, सगळीकडे करडंच करडं असेल. त्यात लाल असलं तर वरून दिसेल. कोणी विचारलं तर वाळत घातलं म्हणून सांग.

तू उत्तर लिहिलं तरी ते मी निघेपर्यंत पोचते की नाही, माहीत नाही. नको लिहू. लुगडंच टाक.

गोकुळ


मलकापूर स्टेशन, २५ एप्रिल

सुचिता,

मी मलकापुरात आहे. बाकड्यावर बसून लिहितो. समोरच्या फलाटावर एक म्हातारी टोपलीत कैऱ्या मांडून बसली आहे, आणि तिचं बोलणं कानाले इतकं गोड लागून राह्यलं की मी तिच्याकडून कैरी घेतली, नुसतं तिनं भाव सांगावा म्हणून.

भाकरीचं अगोदर सांगतो, कारण त्याची मले लाज वाटते.

परवा संध्याकाळी कलकत्त्यात मोठं वादळ झालं. त्यानं सगळे विमानं इकडचे तिकडं गेले. माझं सकाळचं विमान सकाळी आलंच नाही. मी तर अंधारातच घरून निघालो होतो. आत जाऊन बसा म्हणे, बसलो. बॅग तपासली, त्यात भाकरीचं फडकं पाहून पोलीस म्हणे, ये क्या है. मी म्हटलं, रस्ता आहे. तो हसला नाही. मग बसून बसून भूक लागली. एक भाकर खाल्ली. काचेतून माझी जागा दिसत होती, गवतात, लांब. विमान नाही आलं. दुसरी खाल्ली. बाजूले एक बंगाली आजोबा बसले होते, त्यांचा लेक मुंबईले असते. ते माझ्या हाताकडे पाहत होते. तिसरी भाकर मी मोडून अर्धी त्यांना दिली. त्यांनी ती पापडासारखी कडेनं कुरतडून खाल्ली आणि मले विचारलं, तुमच्या गावापर्यंत किती लांब आहे.

मी फडक्याले गाठ मारली. कलकत्त्यातून निघायलेच तीन भाकरी लागल्या, सुचिता, आणि विमान अजून आभाळात चढलं नव्हतं.

मामीले तू आताच काही सांगू नको. मी सांगीन.

मग दुपारी विमान उडालं. पाठ मागं दाबली गेली, आणि खिडकीतून मले धम्मरत्न दिसला. हात हलवत होता, का बगळा उठवत होता, कळलं नाही. तोच बगळ्याएवढा दिसत होता. एवढे महिने मी त्याच गवतात उभा राहून वर पाह्यलं. वरच्या माणसाले मी किती दिसत होतो, ते पहिल्यांदा कळलं.

वर गेल्यावर काही हलत नाही. तुले खोटं वाटेल. एवढ्या वेगानं जाते आणि आत चहा सांडत नाही. खाली ढग होते, पिंजून ठेवलेल्या कापसावानी, आपल्या मलकापूरच्या जिनात असतात तसे ढिगारे. मले वाटत होतं, दार उघडलं तर चालत जाता येईल. माझ्या पायात मुंग्या आल्या नाहीत. मी वाट पाह्यली, आल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा बसलो आणि बसूनच चाललो होतो, म्हणून असेल.

विमानातल्या पोरीले मी विचारलं, बुलढाणा कब आयेगा? ती म्हणे, सर, हम मुंबई जा रहे हैं. मी म्हटलं, ते माहीत आहे. माझ्या बाजूले तेच आजोबा बसले होते, त्यांनी तिले काही तरी सांगतलं आणि ती हसून गेली. मग आजोबांनी स्वतःच्या घड्याळात पाहून, नकाशा आठवून, माझ्यासाठी अंदाज काढला. म्हणे, आता पाहा, आता असेल.

ढग नव्हते. खाली करडं होतं, नुसतं करडं, धुळीच्या पडद्यामागं. एका जागी पाणी चमकलं. येळगावचं धरण असेल किंवा नसेल. मी कपाळ काचेले लावलं. लाल काही दिसलं नाही. एवढ्या वरून लुगडं काय, अख्खं गाव लाल असतं तरी दिसलं नसतं. ते मले तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण पत्र लिहिताना कळलं नाही.

आजोबा म्हणाले, आपण अकरा किलोमीटर वर आहोत.

अकरा किलोमीटर म्हणजे देऊळघाट ते बुलढाणा. काळीपिवळीत बसलं आणि तोंडात पान टाकलं तर पान संपायच्या आत गाव येते. तेवढंच अंतर होतं आपल्यामधी. फक्त उभं केलेलं. आणि उभ्या रस्त्यानं काळीपिवळी चालत नाही. मी तुझ्या बरोबर डोक्यावर होतो, सुचिता, आणि त्याहून जवळ यायचा काहीच इलाज नव्हता. नंतर पंख जरासा कलला आणि मी तुझ्यापासून लांब जाऊ लागलो, इतक्या वेगानं की तेवढ्या वेगानं मी कधी सुरतेलेही गेलो नाही.

मुंबईत उतरलो तेव्हा आजोबा मले म्हणाले, दिसलं का? मी म्हटलं, हो. आता मले वाटते, खोटं नव्हतं ते.

जे आभाळात अर्ध्या घंट्यात सरलं, ते रेल्वेनं रात्रभर लावून परत आणलं. कसाऱ्याचा घाट, मग झोप, मग भुसावळले चहावाला. उजाडताना केळीचे वावरं दिसले आणि मग एकदाचं मलकापूर. रेल्वे रस्त्यातलं एक गाव सोडत नाही. त्याच्यासाठीच तिले वेळ लागते.

बुलढाण्याची एस.टी. लागली आहे. मोताळ्यावरून जाते. हे पत्र टपालात टाकत नाही, माझ्यासोबतच आणतो.

गोकुळ


देऊळघाट, मारुतीच्या पारावर, त्याच दिवशी दुपारी

सुचिता,

घरात आलो नाही. मामीच्या घरचा रिवाज मले माहीत आहे. रुसून आलेल्या लेकीचा नवरा सरळ दारात जात नाही. पारावर बसते, निरोप पाठवते. घरून पाण्याचा तांब्या आला तर उठते, नाही आला तर आल्या रस्त्यानं परत. तुझ्या मोठ्या दाजीले असंच बसवलं होतं आणि तांब्या दिवस कलल्यावर आला होता, हे तूच मले रंगवून सांगतलं होतं. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

पारावर कचरूबाबा आहेत, तुमच्या आळीतले, शेळ्या राखणारे. त्यांनी मले ओळखलं. म्हणे, "भाऊरावचा जवाई ना तू? विमान चालवते तो?"

मी म्हटलं, "चालवत नाही बाबा. पाखरं हाकलतो."

"मंग बरं हाय. चालवणाऱ्याले कोण पाह्यते, पाखराले तं सारेच पाह्यतात." मग म्हणे, "इकडं कायले बसला? बैठक तं सोमवारी हाय."

"बैठकीच्या अगोदर आलो."

"काय घेऊन आला?"

मी फडकं उघडून दाखवलं. त्यात भाकरीचा चुरा होता. बाबांनी तो पाह्यला, चिमटीत घेऊन तोंडात टाकला. म्हणे, "ज्वारी जुनी हाय. पण भाजली बरी."

हे पत्र आणि मलकापूरचं पत्र, दोन्ही त्यांच्याजवळ देतो. दोन्ही वाच. मामीले काय सांगायचं ते तू ठरव. पण भाकरीचं मी कबूल करतो. मामीचा हिशोब खरा आहे. विमानाचे घंटे हे विमानाचे असतात. माणसाचा पल्ला घरातून निघाल्यापासून दुसऱ्या घरातल्या पाण्यापर्यंत मोजावा लागते, आणि तो अजून संपला नाही. मी पारावर आहे.

तू कलकत्त्याले ये असं मी आता म्हणत नाही. नको येऊ असंही म्हणत नाही. ते आपण दोघं बसून बोलू. सोमवारी चार माणसं बसायच्या अगोदर आपण दोघं बसलो पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. मले बसता येते आता. विमानात बसून पाह्यलं.

तीन वाजले असतील. आत्ताच वरून गेलं. मी मान वर करून पाह्यली, रेघ. तुझ्या बाजूनं मी ती कधी पाह्यली नव्हती. आवाज मागून आला, रेघ निघून गेल्यावर, जसं दुसऱ्या खोलीत कोणी दळणाचं जातं ओढून राह्यलं. शेळ्यांनीही मान वर केली नाही. ते आता उगवतीकडे चाललं, तिकडे दिवे लागतील, धम्मरत्न शिट्टी वाजवील. पंधरा दिवस त्याची वाट पाहणारं गवतात कोणी नाही. विमान गेलं आणि मी इथंच आहे. हे मले फार नवं वाटून राह्यलं.

गोकुळ


चिठ्ठी, त्याच पारावरून

कचरूबाबा जाऊन आले. हातात तांब्या आहे. तांब्या माझ्या बाजूले ठेवला आणि स्वतः खाली बसले, दम खाल्ला, मग बोलले.

म्हणे, "पोरीनं कागदं घेतले. वाचले नाही अजून, पदरात खोचले. काल एक गंमत केली तिनं. सुकं लुगडं वायू घातलं विहिरीवर, सकाळपासून दिवस बुडेपावेतो. मी म्हटलं, अवो, हे तं धुतलेलं नाही, वायते काय याचं? तं नुसती हासली."

मी तांब्या उचलला. पाणी पायावर घेतलं. थंड होतं.

मग बाबा म्हणे, "अन् हो, इसरलोच. तिनं इचारलं, तव्यावर भाकरी किती टाकू?"

मी तोंडानं सांगत होतो, पण ते म्हणतात माझ्या ध्यानात राहत नाही, लिहून दे. म्हणून ही चिठ्ठी.

सुचिता, मोजू नको. आता शिदोरी बांधायची नाही.